व्हाळात (ओढ्यात) सांडपाणी शिरतंय? पुरावा असा गोळा करा

पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावात मी राहते आणि म्हापशाच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचं काम करते. दर हंगामात कुणी ना कुणी काउंटरवर बाटली आणून ठेवतं. शीतपेयाची जुनी बाटली, स्कूटरच्या डिकीत उन्हाने तापलेली. "मॅडम, बघा जरा, आमच्या व्हाळात घाण सोडतात." घाण सोडतात हे बहुतेक वेळा खरं असतं. पण पाणी नेमकं कुठलं, किती वाजताचं, तेव्हा भरती होती की ओहोटी, हे आणणाऱ्याला सांगता येत नाही. मग अहवाल हातात पडूनही उपयोग होत नाही. पंचायतीत कागद पुढे केला की समोरचा माणूस दोन प्रश्न विचारतो आणि तक्रार तिथेच बसते. तुमची तक्रार तशी बसू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी व्हाळ समजून घ्या

आपल्याकडचे व्हाळ लांबीला लहान. सड्याच्या (कातळी पठाराच्या) कुशीतल्या झरीतून निघायचं, कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) उतरायचं, वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) शेतांना पाणी द्यायचं आणि खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, किंवा थेट पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) समुद्राला मिळायचं. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत व्हाळ तुडुंब असतो. त्यात काहीही सोडलं तरी ना दिसतं ना वास येतो. दिवाळीनंतर पाणी उतरतं, लाटा मुखाशी रेती आणून टाकतात आणि बऱ्याच व्हाळांचं तोंड बुजतं. नेमका तेव्हाच पर्यटनाचा हंगाम भरात येतो. पावसात रिकाम्या पडलेल्या खोल्या भरतात, शॅक उभे राहतात, आणि वाहायला वाट नसलेल्या पाण्यात सांडपाणी साचत जातं. पुढे पहिल्या मोठ्या पावसात रेतीचा बांध फुटतो आणि सगळ्या हंगामाची घाण एका दमात समुद्रात जाते. चढणीचे मासे धरायला पोरं पाण्यात उतरतात तीसुद्धा त्याच दिवसांत.

म्हणजे पाहणी करायची ती डिसेंबर ते मे या काळात. पावसाळ्यात घेतलेला नमुना चांगला आला म्हणून कुणी तुम्हाला गप्प करत असेल तर गप्प बसू नका.

सांडपाण्याने पाणी मरतं म्हणजे काय, हे आमच्या वाड्यावरच्या पागेर (फेकजाळं) टाकणाऱ्या एका काकांनी मला फार नेमकं सांगितलं होतं. "बाय, व्हाळातला मासा मरतो तो पहाटेच मरतो. दुपारी मेलेला मी कधी बघितला नाही." त्यांचं निरीक्षण शास्त्राला धरून आहे. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि ती खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. दिवसा ते शेवाळ ऑक्सिजन सोडतं म्हणून मासे कसेबसे तगतात. रात्री शेवाळही ऑक्सिजन घेऊ लागतं, आणि उजाडण्याच्या जरा आधी पाण्यातला ऑक्सिजन तळाला जातो. शेवटे, पालू, काळुंदर पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसले तर मोबाइल काढून वेळेसकट व्हिडिओ घ्या. दहा वाजता पंचायतीचे लोक येतील तोवर मासे कावळ्यांनी नेलेले असतात.

व्हाळाच्या काठाने चालत जा

मुखापासून उलटं, वरच्या दिशेने चाला. पायात गमबूट, हातात रबरी मोजे, बरोबर निदान एक माणूस. खाजगी भाटात (बागायतीत) मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका, नाहीतर उद्या तुमच्यावरच तक्रार येईल.

वासावर फार विसंबून राहू नका. दहा मिनिटांत नाकाला वासाची सवय होते आणि चिखलाचा वास तर खाजनातही येतो. डोळे उघडे ठेवा. दगडांवर, पाण्यात पडलेल्या झावळ्यांवर, पाइपच्या तोंडाशी राखाडी रंगाचे, ओल्या कापसासारखे झुपके लोंबताना दिसले तर थांबा. ती जिवाणूंची वाढ असते आणि भरपूर सेंद्रिय घाण सतत मिळाल्याशिवाय ती होत नाही. एखाद्या दिवशी कुणी बादली ओतली म्हणून ती येत नाही. पाइप त्या क्षणी कोरडा असला तरी हा कापूस सांगतो की इथून रोज काहीतरी वाहतं. जवळून फोटो घ्या. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. मग काठीने तळाचा गाळ थोडा उकरा. वरचा पातळ थर निघाल्यावर खाली डांबरासारखा काळा चिखल आणि कुजक्या अंड्याचा वास आला तर तळाशी ऑक्सिजन उरलेला नाही. त्याच गाळात रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या अळ्या दिसतील. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या चिखलातही त्या जगतात.

काही गोष्टी मात्र फसवतात. आपली जमीन जांभ्याची, लोहाने भरलेली. झरीच्या आसपास तांबूस-नारिंगी, बुळबुळीत साय जमते आणि पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो. लोक घाबरून त्याचेच फोटो काढून पाठवतात. त्या तवंगाला काडी लावून बघा. काचेसारखे तुकडे होऊन तो फुटला तर ते लोहजिवाणूंचं काम आहे, त्यात सांडपाणी नाही. काडी लावल्यावर तवंग पुन्हा एकत्र येऊन मिटला तर ते तेल किंवा चरबी. मुखाशी लाटांबरोबर येणारा पिवळट फेसही बहुधा समुद्राचाच असतो. व्हाळाच्या मधल्या टप्प्यात, पाणी थोडं खाली पडतं तिथे, पांढराशुभ्र फेस येत असेल आणि त्याला साबणाचा वास असेल, तर वर कुठेतरी न्हाणीचं किंवा लाँड्रीचं पाणी मिळतंय.

केवड्याच्या बनात, कल्व्हर्टच्या खाली, कुंपणाच्या चिऱ्यांमधून निघालेले चार इंची पीव्हीसी पाइप शोधा. सगळेच पाइप मैल्याचे नसतात. काही नुसते पागोळीचे असतात. भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना ओल दिसली तरच तो तुमच्या कामाचा. प्रत्येक पाइपची जागा जीपीएससह टिपा आणि घरी येऊन सर्व्हे नंबर काढा. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या मालकीचा उतारा) हाती असला की "ती जागा कुणाची ते माहीत नाही" हे उत्तर कुणाला देता येत नाही.

पाइप न सापडताही व्हाळ घाण असू शकतो, आणि आपल्या किनाऱ्यावर असं फार घडतं. घर बांधलं तेव्हा पाच-सहा माणसांचा हिशोब करून सेप्टिक टँक आणि सोकपिट (पाणी मुरवायचा खड्डा) घातला. पुढे मागच्या अंगणात खोल्या निघाल्या, प्रत्येक खोलीला संडास-न्हाणी आली, टँक मात्र तोच राहिला. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. गाळ खाली बसतो, पण रोगजंतू मोठ्या संख्येने पाण्याबरोबर पुढे जातात. ते पाणी जमिनीत मुरून गाळलं जावं अशी अपेक्षा असते. पुळणीजवळच्या रेवेच्या जमिनीत पाणी गाळलं जायच्या आत सरकन पुढे जातं, आणि चिऱ्याच्या जमिनीत भेगांमधून थेट व्हाळाकडे किंवा शेजारच्या विहिरीकडे. पावसात भूजल वर आलं की सोकपिट बुडतो, पाणी अंगणात येतं, आणि मग काही ठिकाणी रात्री मोटर लावून टँक उपसला जातो. तुमच्या भागात सहज विचारून बघा, मोटरचा आवाज कुणी ना कुणी ऐकलेला असतो.

टँकरचं वेगळं. रात्री उशिरा पुलावर किंवा व्हाळाच्या वळणावर सेप्टिकचा टँकर थांबलेला दिसला तर रस्त्यावरूनच नंबरप्लेट, वेळ आणि जागा टिपा. अडवायला जाऊ नका. पोलिसांना फोन करा आणि दुसऱ्या दिवशी लेखी द्या.

नमुना कधी घ्यायचा

भरतीच्या वेळी मुखाजवळ घेतलेल्या बाटलीत निम्मा समुद्र असतो. आकडा चांगला येतो आणि तोच आकडा पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. म्हणून नमुना पूर्ण सुकतीचा, म्हणजे ओहोटीने पाणी सर्वांत खाली गेलेलं असतानाचा घ्या.

सुकतीची वेळ काढायला आपल्या पागींची (मासेमारांची) जुनी रीत अजून चालते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी सुकती. दोन्ही पक्षांत हिशोब सारखाच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकही एकदा बघा. आता दुसरी बाजू. खोल्यांमधलं, हॉटेलांतलं पाणी सर्वांत जास्त सुटतं ते सकाळी सात ते दहा. या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. द्वितीया-तृतीयेला भरती मध्यरात्रीनंतर दीड-सव्वादोनला, म्हणजे सुकती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या आसपास. मी सगळ्यांना तीच तिथी सांगते, शुद्ध असो वा वद्य. त्यात नाताळच्या सुट्टीतला किंवा शनिवार-रविवारचा दिवस सापडला तर सोडू नका. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला असेल तर मात्र पुढची तिथी धरा.

जागा निदान तीन हव्यात. संशय आहे त्याच्या वर, त्याच्या लगेच खाली, आणि मुखाजवळ. वरचा नमुना हा तुमचा खरा साक्षीदार. वर पाणी बरं आणि खाली वाईट असेल तर मधल्या जागेवर बोट ठेवता येतं. वरचाच वाईट आला तर आणखी वर सरका. निम्मं-निम्मं अंतर घेत गेलं की जागा पटकन हाती लागते.

बाटली कशी भरायची

बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते आणि ती घरी उकळून होत नाही. झाकण उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला आणि बाटलीच्या गळ्याला बोट लागता कामा नये. झाकण खाली ठेवायचं नाही, दुसऱ्या हातात तोंड खाली करून धरायचं. बाटली खंगाळायची नाही. बुडाशी धरून तोंड खाली ठेवूनच ती पाण्यात वीतभर बुडवा, मग पाणी जिकडून येतं त्या दिशेला तोंड करून वळवा. तुम्ही स्वतः प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभे राहा, म्हणजे पायाने उठलेला गाळ आत येणार नाही. वर बोटभर जागा मोकळी ठेवून झाकण लावा.

ऑक्सिजनसाठी काचेच्या बुचाची वेगळी बाटली असते. ती काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा नको. त्यात जागेवरच दोन रसायनं घालावी लागतात, म्हणून त्या दिवशी प्रयोगशाळेचा माणूस बरोबर नेलेला बरा. ती रसायनं पडली की लगेच साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर साका चहासारखा तपकिरी होतो. ऑक्सिजन नसेल तर तो दुधासारखा पांढराच राहतो. व्हाळाच्या काठावर चार गावकऱ्यांसमोर एका जागेची बाटली तपकिरी आणि तिच्याच खालच्या जागेची पांढरी झाली की फार काही समजावून सांगावं लागत नाही. त्या दोन्ही बाटल्या शेजारी धरून फोटो काढून ठेवा.

बाटल्या बर्फात ठेवा. थर्माकोलची पेटी नवी हवी, मासळीची नको. बर्फाचं पाणी झाकणात शिरू नये म्हणून प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. जंतूंचा नमुना सहा तासांच्या आत टेबलावर आला तर उत्तम, २४ तासांनंतर त्याला अर्थ नाही. शनिवारी-रविवारी घेणार असाल तर प्रयोगशाळा उघडी असेल का ते आधी विचारा. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ, तिथी आणि कुणी भरली त्याचं नाव पक्क्या शाईने लिहा. तीच माहिती वहीत, आणि वहीत दोन साक्षीदारांच्या सह्या.

अहवाल कसा वाचायचा

तीन आकड्यांवर बोट ठेवा. पहिला फीकल कोलिफॉर्म, म्हणजे माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातले जंतू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे समुद्रात आंघोळीसाठी ही संख्या १०० मिलिलिटरमागे १०० एमपीएनपेक्षा (एमपीएन म्हणजे जंतूंच्या संख्येचा चाचणीतून काढलेला अंदाज) जास्त नसावी. नदी-व्हाळाच्या पाण्यात आंघोळीसाठी ५०० पर्यंत चांगली, २,५०० ही कमाल मर्यादा. दुसरा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत असावा. कच्च्या सांडपाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो. तिसरा विरघळलेला ऑक्सिजन, गोड्या पाण्यात निदान ५ मिलिग्रॅम. काठावर गुरं चरत असतील तर कोलिफॉर्म त्यांचेही येतात, हे मनात धरा आणि वहीतही लिहून ठेवा. दुसऱ्या बाजूने तो मुद्दा निघणारच आहे.

गोव्याला हे आकडे नवे नाहीत. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांत गोव्याचे ११ पट्टे होते. त्यात साळ नदी तर होतीच, आपल्याकडच्या तेरेखोल आणि शापोरा नद्याही होत्या. हे पट्टे जिथे मोजले गेले तिथवर पाणी कुणाच्या ना कुणाच्या वाड्यावरच्या व्हाळातूनच आलेलं असतं.

तोवर घरात काय करायचं

तक्रारीला वेळ लागतो, आजारपण थांबत नाही. व्हाळालगतच्या विहिरी आधी बघा. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय (आतड्यातला जंतू) सापडता कामा नये. स्वस्तातली चाचणी म्हणजे एचटूएसची बाटली. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरून सावलीत ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर ते पिऊ नये. ही बाटली खारट पाण्याला वापरू नका, तिथे ती सांडपाणी नसतानाही काळी होऊ शकते.

पाणी खळखळून उकळा. विहिरीत ब्लीचिंग पावडर घालायची तर अंदाजाने मूठभर फेकू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा आणि ४ ने भागा. येतात ते घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८,००० लिटर पाणी असतं, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. निदान एक तास ते पाणी वापरू नका, रात्री केलं तर बरं. शेजारच्या सोकपिटातून घाण रोज झिरपत असेल तर हे रोज केलं तरी पुरणार नाही. त्या विहिरीचं पिण्याचं पाणी बंदच करा.

तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवं या शिंपल्यांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण आमच्या घरातही ओहोटीला तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका आहेत. ही सगळी मंडळी पाणी गाळून जगतात. पाण्यातले जंतू आणि विषाणू त्यांच्या अंगात पाण्यापेक्षा कितीतरी जास्त साठतात. सांडपाण्याच्या मुखाजवळच्या तिसऱ्या दिसायला चांगल्या, चवीला चांगल्या, आणि पोटात गेल्यावर जुलाब, टायफॉइड, कावीळ. शिंपलं उघडलं की झालं, असं समजून लगेच उतरवू नका. कावीळ देणारा हेपेटायटिस-ए विषाणू अर्धवट शिजलेल्यात टिकतो. शिंपली उघडल्यावरही नीट उकळी येऊ द्या. आणि व्हाळाचं तोंड फुटल्यावरचे काही दिवस त्या मुखाच्या आसपास काहीच काढू नका. विकणाऱ्या बाईला हे सांगताना जपून सांगा. तिने काही सोडलेलं नाही, नुकसान मात्र तिचंच होतं.

वायंगणाला किंवा मळ्याला व्हाळाचं पाणी असेल तर कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं पीक त्या पाण्यावर घेऊ नका. चिखलात उतरताना पायाला जखम नको. चवथीला गणपती पोचवायची जागा व्हाळातच असेल तर तिच्या वरच्या अंगाला काय सुटतंय ते आधी तपासा. त्या दिवशी लहान मुलंही कमरेएवढ्या पाण्यात असतात.

तक्रार कुठे आणि कशी

पहिला अर्ज पंचायत सचिवाकडे, त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्याला. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोग्य अधिकारी जागेची पाहणी करून नोटीस काढू शकतो. माझ्या पाहण्यात हीच नोटीस सर्वांत लवकर निघते. दोन्हीकडे इनवर्ड नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका. त्यानंतर साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जागा किनारपट्टी नियमन क्षेत्रात येत असेल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणालाही प्रत द्या. कासवांच्या पुळणीजवळचा व्हाळ असेल, म्हणजे मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, तर वनखात्याला कळवा. त्यांची माणसं किनाऱ्यावर असतात आणि त्यांच्या पाहणीला वजन असतं.

अर्ज एका पानाचा. भावना नकोत, शिव्या नकोत, "सगळे मिळालेले आहेत" नको. "अमुक सर्व्हे नंबरमधल्या इमारतीलगतच्या पाइपमधून अमुक तारखेला सकाळी पावणेआठला, ओहोटीच्या वेळी, व्हाळात पाणी सुटत होतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या जागेचे अहवाल सोबत जोडले आहेत. मंडळाने स्वतः पाहणी करून नमुना घ्यावा आणि आम्हाला लेखी कळवावं." एवढं पुरे. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा तर तो मंडळाने कलम २१ ची पद्धत पाळून, नोटीस देऊन आणि सील करून घेतलेला असावा लागतो. तुमच्या बाटलीचं काम मंडळाला त्या जागेपर्यंत आणायचं.

"हा नाला आहे, नदी नव्हे" किंवा "इथे उन्हाळ्यात पाणीच नसतं" असं कुणी म्हणालं तर त्याच कायद्याची व्याख्या दाखवा. तिच्यात वाहता आणि त्या वेळी कोरडा असलेला जलप्रवाह, भूजल, समुद्र आणि भरतीचं पाणी हे सगळं येतं. कलम २४ प्रमाणे त्यात घाण सोडायला मनाई आहे, आणि कलम ३३-अ खाली मंडळ वीज-पाणी तोडायचा आदेशही देऊ शकतं.

हॉटेल मोठं असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीन गोष्टी मागा: मंडळाच्या संमतीपत्राची प्रत आणि मुदत, किती खोल्यांसाठी आणि किती पाण्यासाठी संमती दिली ते, आणि शेवटच्या पाहणीचा अहवाल. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. खोल्यांची खरी संख्या त्यांच्याच जाहिरातीत मिळते. तेवढ्यात ग्रामसभेत विषय मांडा, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. कशानेच हाललं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, भरपाई मागितली नाही तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मिळकतीची अट नाही.

आणि तो पाइप आपल्याच माणसाचा निघाला तर

बरेचदा निघतो. चार खोल्या भाड्याने देऊन पोराचं शिक्षण करणारा शेजारी, मावसभाऊ, कधी पंचाचा भाऊ. त्याच्याकडे मंडळाच्या आधी तुम्ही जा, अहवाल घेऊन जा, आणि उपाय घेऊन जा. स्वयंपाकघराचं पाणी टँकमध्ये जायच्या आधी चरबी अडवणारी छोटी टाकी, दर आठवड्याला साफ केलेली. संडास धुवायला ॲसिड आणि फिनेलचा मारा कमी, कारण टँकमधले जिवाणू त्याने मरतात आणि मैला कुजेनासा होतो. दोन-तीन वर्षांनी टँक उपसून घेणं, आणि टँकर कुठे रिकामा झाला त्याची पावती मागणं. पणजीच्या टोंक प्रकल्पावर असे टँकर रिकामे होत आले आहेत, मग पावती का मिळू नये? सोकपिट व्हाळाच्या आणि विहिरीच्या दूर हलवणं. खोल्या वाढल्या असतील तर टँकही वाढवणं. हे सगळं एकट्याला जड जातं, पण वाड्यावरच्या पाच-सहा घरांनी मिळून एक लहान शुद्धीकरण संयंत्र बसवायचं ठरवलं तर जमू शकतं, आणि पंचायतीकडे मागणी करायलाही तोंड राहतं.

तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. ऐकला नाही तर अर्ज द्यायचाच, आणि अर्ज देणार आहे हे त्याच्या तोंडावर सांगून द्यायचा. व्हाळाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांची पोटं दर पावसाळ्याच्या तोंडावर बिघडतात, त्यांनाही घरं आहेत.

दुरुस्ती झाली की वही मिटवून ठेवू नका. पुढच्या हंगामात त्याच तीन जागा, तीच द्वितीया किंवा तृतीया, तीच सुकती. गाळातल्या लाल अळ्या आणि दगडावरचा राखाडी कापूस कमी झालेला डोळ्यांना आधी दिसतो, आकडे मागाहून उतरतात. नवा अहवाल आला की एक प्रत पंचायतीला द्या आणि एक ज्याने खर्च करून टँक नीट केला त्याला.